अन्य कलाकार

"बाई, हेडफोन?"

"नको. आज नको."

रेकॉर्डिस्ट चकितच झाला. इतक्या वर्षांत गाणाऱ्या बाई हेडफोनशिवाय कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. कॅसेट कंपनीची पद्धतच होती ती. कानात एका मोठ्या गायिकेचं मूळ गाणं वाजायचं आणि बाईंनी त्याला चिकटून गायचं, श्वाससुद्धा तिथेच घ्यायचा. कॅसेटवर फोटो ठसठशीत त्या गायिकेचा, कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'आवाज: अन्य कलाकार'. बाईंचं नाव? छे, नावबिव कुठलं! कॅसेट मात्र निम्म्या किमतीत, त्यामुळे गोरगरिबांच्या घरात बाईंचाच गळा वाजला. पेपरवाल्यांनी चोर म्हटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि उद्या कंपनीला टाळं लागणार होतं.

त्यात लेक लग्न होऊन सातासमुद्रापार निघाली होती. तिचा एकच हट्ट, "आई, माझ्या लहानपणीची ती अंगाई टेप करून दे. तुझ्या आवाजात." म्हणून बाईंनी मालकांकडून हा शेवटचा तास मागून घेतला होता. लेक काचेपलीकडे रेकॉर्डिस्टशेजारी बसली होती.

बाईंनी डोळे मिटून अंगाई म्हटली. गळा सुरेख लागला.

"वा!" स्पीकरवर रेकॉर्डिस्ट खूश होऊन ओरडला. "डिट्टो त्यांचाच आवाज, बाई! कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही!"

बाईंनी पुन्हा म्हटली, मुद्दाम खालच्या पट्टीत. मग नुसती गुणगुणून पाहिली. दरवेळी ओळ संपता संपता ती दुसरीच बाई आपली लाडिक हरकत घेऊन हजर!

"छान झालंय गं," लेक म्हणाली. पण ती खाली बघत होती. पोटची पोर खोटं बोलली की आईला कळतंच.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. रडू आलं, ते येऊ दिलं. जन्मभर दुसरीचा गळा वापरला आणि आपला कुठे ठेवला तेच आठवेना.

"पुसा ते," त्या म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं. आणि मशीन चालू ठेवा."

मग माइकजवळ सरकून म्हणाल्या, "अगं ए, ऊठ की! ऊन डोक्यावर आलं, किती हाका मारायच्या? आणि ओल्या केसांनी झोपू नकोस, सर्दी होते तुला. तिकडे पोचलीस की... पोचलीस की आधी पोटभर जेव. बाकीचं नंतर."

बाई थांबल्या. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनं बटणाकडे हात नेला, तसा लेकीनं तो धरून ठेवला.

बाईंनी डोळे पुसले. "आणि पसारा आवरायला शीक जरा," त्या माइकला म्हणाल्या.