अप्पांचं विमान आणि काकांचं लोडिंग

अप्पा गेले आणि चनमल्लप्पाकाका विमानतज्ज्ञ झाले. घरातली एक जागा रिकामी झाली होती. कोणीतरी ती भरणारच होतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर रिमोटवर उडणारी लहान विमानं बनवायचे, मलाही उडवायला शिकवलं. शेवटचं विमान बनून झालं, उडवायचं राहिलं. ते एकदा तरी उडावं, एवढंच मला हवं होतं.

महिन्याने आम्ही मंद्रूपच्या शेतावर गेलो. काकांनी आणि मल्लव्वाआत्याने अप्पांच्या मानाचा आहेर आणला होता. घ्यायला अप्पा नाहीत, म्हणून तो विमानाला. टॉवेल, टोपी, नारळ, झेंडूचा जाड हार. काकांनी सगळं सुतळीने पक्कं बांधलं.

"काका, विंग लोडिंग बिघडेल."

"लोडिंग? मला लोडिंग शिकवतीस?" काकांचे दोन ट्रक आहेत. "तीस वर्षं माल भरतोय की! बरोबर मधोमध बांधलंय. हालणार न्हाय."

"हलणार नाही, हीच तर अडचण आहे." मी जमेल तेवढ्या शांतपणे सांगितलं. विमानाचं वजन भागिले पंखांचं क्षेत्रफळ, ते विंग लोडिंग. ते वाढलं की जमीन सोडायला जास्त वेग लागतो, आणि जड विमान वेगही सावकाश पकडतं, म्हणून दुहेरी जास्त धावावं लागतं. "वजन दीडपट केलंत, धाव सव्वादोनपट झाली. अप्पांच्या हिशेबाने तीस पावलं पुरली असती. आता सदुसष्ट लागतील. पन्नासाव्या पावलावर बांध आहे."

"मग जोरात पळव की."

"मोटर तेवढीच आहे."

"मग पंख मोठं कर!"

अप्पांच्या वर्गाला इथवर यायला अख्खा तास लागायचा. काका चुकून पोचले होते.

"बरोबर," मी म्हटलं. "पण त्याला अप्पा लागतील."

मी सुतळी सोडायला लागले.

"मेलेल्या माणसाचा मान काढतीस, काव्या?" आत्या म्हणाली.

"मान राहू दे, आत्या. वजन काढते."

हार, टॉवेल, नारळ तिच्या हातात दिले. टोपी काकांच्या डोक्यावर ठेवली. तिथे भार सोसण्याची सवय होती.

विमान धावलं. तिसावं पाऊल गेलं, चाकं जमिनीवरच. बत्तिसाव्याला चाकांखालची धूळ थांबली. दोन पावलांची चूक अप्पांनी लगेच वहीत लिहिली असती.

"बघ," काका टोपी सावरत ओरडले, "आहेर केला म्हणूनच उडालं की!"

"व्हय, काका," मी म्हटलं. विमान बांधापलीकडे गेलं होतं, आणि मला त्याच्यावरून नजर काढायची नव्हती.