पायाळूचा पाय

विजयमाला पायाळू होती. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी तिचे पाय आधी बाहेर आले. एवढ्या भांडवलावर संगमनेरजवळच्या त्या गावात तिला डॉक्टरापेक्षा जास्त मान होता. कुणाच्या कमरेत उसण भरली, कुणाचा पाय लचकला, की माणूस वाकडातिकडा होत तिच्या दारी यायचा आणि उंबऱ्यापाशी पालथा पडायचा. ती डावा पाय धुऊन दुखऱ्या जागी हलकेच टेकवायची. त्याचा छदामही घ्यायची नाही. बहुतेकांना बरं वाटायचंच, कारण उसण चार दिवसांत आपली आपणच निघून जाते. पण हे गावाला सांगून शहाणपणा मिरवायचा कुणी?

पायाळूवर वीज पडते म्हणतात. त्यामुळे लहानपणी आभाळ गडगडलं की तिला गोधडीत गुंडाळून घराच्या कोपऱ्यात बसवायचे. तिथं ती भीतीनं रडून रडून झोपी जायची. ज्या पायापायी इतकं सोसलं, त्याचा पुढं थोडा अभिमान वाटला तर त्या बाईचं काय चुकलं?

तिची एकुलती लेक निकिता कबड्डी खेळायची. चढाईला निघाली की एरवी पोरींच्या खेळाला नाकं मुरडणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा श्वास रोखून बघायच्या. जिल्ह्याच्या संघाची निवड दोन महिन्यांवर आली होती. एका संध्याकाळी सरावात पकडीतून सुटताना तिचा पाय मॅटवर रोवलेला राहिला, अंग मात्र गर्रकन फिरलं आणि गुडघ्यात कट् असा आवाज झाला. शेजारच्या पोरींनाही तो ऐकू गेला. घरी आणेपर्यंत गुडघा टम्म फुगला होता.

कबड्डी शिकवणारे गोरक्षनाथ सर म्हणाले, "ताई, लिगामेंट असंल. संगमनेरला न्हेऊन एमआरआय काढू."

विजयमाला हसली. "सर, अख्खा गाव माज्या पायानं बरा झाला, आन् माजी पोरगी मी दुसऱ्याच्या दारात न्हेऊ?"

दिवस थंडीचे होते. रोज उजाडायच्या आत ती बादलीतल्या गार पाण्यानं पाय धुवायची, कुडकुडत लेकीच्या खाटेपाशी यायची आणि पाऊल गुडघ्यावर टेकवायची. निकिता डोळे मिटून घ्यायची.

"बरं वाटतंय का गं?"

"वाटतंय की."

सूज उतरली. पोरगी चालू लागली, पुढं पळूही लागली. विजयमालानं देवीला नारळ फोडला आणि गल्लीभर खोबरं वाटलं. सरांनी पुन्हा टोकलं, "एकदा दाखवून तरी या." त्यावर निकिताच म्हणाली, "काय न्हाई सर, ठीक हाय."

निवडीच्या दिवशी ती पहिल्याच चढाईला गेली. गडी टिपून तिनं परत वळायला पाय टाकला आणि गुडघा आतल्या आत निसटला. मधल्या रेषेकडं हात लांबवून ती पडली. हात रेषेला काही पोचला नाही, आणि पाय सरळ होईना.

संगमनेरच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "ताई, गुडघा जागेवर धरून ठेवायला आत एक दोर असतो. तो तुटलाय. हा दोर आपोआप जुळत नाही. नुसतं घरकाम, चालणं-फिरणं असेल तर काही जणांचं व्यायामावर आणि पट्ट्यावर भागतं. खेळायचं असेल तर मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन नवा दोर बसवतात, मग आठ-नऊ महिने व्यायाम. बऱ्याच पोरी पुन्हा खेळतात."

विजयमालाचा जीव भांड्यात पडला. "मंग बसवा की डॉक्टर."

"बसवू. पण दोर तुटलेला असताना ही पळत राहिली. गुडघ्यातली गादी पार चिरडली. शिवण्यासारखी राहिली नाही, बरीचशी काढावी लागेल. ती चालेल, जिने चढेल. कबड्डी मात्र आता नाही." मग त्यांनी निकिताला विचारलं, "आधीही गुडघा निसटत होता का?"

"व्हय. पयल्या दिवसापासनं."

विजयमाला तिच्याकडं बघतच राहिली. "तू तर बरं वाटतंय म्हनायचीस!"

निकितानं मान खाली घातली. "तू एवढ्या थंडीत गार पान्यानं पाय धुऊन यायचीस. लई मनापासनं लावायचीस. मला न्हाई म्हनवंना, आई."

लेकीनं चारचौघांत बोल लावला असता, तर तो विजयमालानं पदरात घेतला असता. हे बोलणं तिला सोसलं नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसून ती पदर तोंडात कोंबून रडली.

ऑपरेशन झालं. निकिता पट्टा बांधून घरी खाटेवर पडली. खुंटीवरची तिची जर्सी कुणी काढली नाही आणि त्या जर्सीकडं कुणी बघितलंही नाही. अशात एका सकाळी शेजारचा बिभीषण कमरेवर हात धरून दारात आला.

"बिभीषणभाऊ, आता न्हाई," विजयमाला म्हणाली. "दवाखान्यात जावा."

"आगं, उसनीला कोन दवाखान्यात जातं व्हय?" असं म्हणत तो कण्हत कण्हत उंबऱ्यापाशी पालथा पडलासुद्धा.

विजयमाला जागची हलली नाही.

"लाव की, आई," खाटेवरून निकिता म्हणाली.

"तू तरी असं म्हनू नगंस."

"मलाबी बरं वाटायचं गं," निकिता म्हणाली. "गुडघ्याला न्हाई. पन वाटायचं."

विजयमाला मटकन खाली बसली. पडलेल्या लेकराला पोटाशी घ्यावं तसा तिनं आपला डावा पाय दोन्ही हातांनी पोटाशी ओढून धरला, आणि तिला हुंदका आवरेना. बिभीषण उंबऱ्यापाशी तसाच पालथा पडून वाट बघत राहिला.