देवाच्या तोंडावरचा रंग

उन्हं डोक्यावर आली तरी देव पाकळी सोडेना.

कळंब्याच्या तलावामागच्या माळावर सगळी भावकी ताटकळली होती. तीन उभ्या शिळा, वर एक आडवी आणि आत दगडाचा ओबडधोबड देव, एवढंच ते देऊळ. मागल्या साली मापं घेऊन गेलेले पुराणवस्तूवाले पावणं म्हणाले होते, हे इतिहासाच्याही आधीचं आहे. ते पाडून स्लॅबचं, चकचकीत फरशीचं देऊळ बांधायचं का, याचा कौल लावला होता. देवाच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवायची. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. आज दोन्ही पाकळ्या जागच्या हलायला तयार नव्हत्या.

देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष सोमशेखर सारखा घाम पुसत होता. त्याची थोरली बहीण निर्मला पुढं झाली. मंगळवार पेठेत पिठाची गिरण चालवणारी बाई, कुणाला भिते कशाला? तिनं पाकळीला बोट लावलं. बोट शेंदरी ऑइलपेंटनं माखलं.

"कवा फासलास रं ह्यो?"

"काल सांजच्याला. कौलाला देव चांगला दिसावा म्हणून," सोमशेखर म्हणाला. "अक्का, देवच बोलंना झालाय. आता आपणच ठरवू की."

"तोंडावर रंग फासलास, बोलंल कसा?"

माणसं हसली. सोमशेखरला ते झोंबलं. "आप्पांच्या नावाची कोनशिला बसवतोय मी. तुला बापाचं नाव नको हाय व्हय?"

हे मात्र तिच्या काळजात घुसलं. आप्पांनीच तिला लहानपणी या शिळांखाली वाकून आत जायला शिकवलं होतं.

"आप्पा ह्या दगडाम्होरं वाकत हुते. त्योच मोडून त्येंचं नाव लावतोस? मी जित्ती हाय तवर न्हाय."

"मग आजपासनं मला भैन न्हाय."

"नसू दे," ती म्हणाली. शेंदरी बोट तिनं लुगड्याला पुसलं.

रंग पुरता वाळू दे, पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा कौल लावायचा, असं ठरवून भावकी उठली. निर्मलाही काही दुधखुळी नव्हती. एकट्या बाईचा विरोध म्हणजे घरचं भांडण, संस्थेनं केला तर सरकारी कचेरीला ऐकावं लागतं. वकिलानं सांगितलं, संस्था नोंदवायला सात माणसं हवीत. मग काय, दळण घेऊन येईल त्याला ती गिरणीतच धरू लागली.

"सही केली तर दळाण फुकट हाय का?" शेजारच्या धोंडुबाईंनी विचारलं.

"न्हाय. उलटं दगूड पुसाय यायला लागंल."

"मग आण हिकडं. फुकटातलं काय टिकत न्हाय."

बाई पिठाबरोबर इतिहासही दळायला लागली, असं पेठेत लोक म्हणू लागले. "दळती की. चाळून घ्या," ती म्हणायची. १९९८च्या उन्हाळ्यात संस्था नोंदली गेली. 'प्रागैतिहासिक देवस्थान जतन संस्था' अशी पाटी गिरणीवर लागली, 'येथे मिरची दळून मिळणार नाही'च्या बरोबर वर. दुसऱ्या कौलाच्या आतच संस्थेचा अर्ज कचेरीत गेला आणि देऊळ पाडायचं नाही असा हुकूम आला.

नागपंचमी आली. दरसाल सोमशेखर लुना घेऊन तिला माहेरी न्यायला यायचा. निर्मलानं नव्या बांगड्या भरल्या, पिशवी भरून उंबऱ्यात ठेवली आणि दुपार कलेपर्यंत रस्त्याकडं बघत बसली. मग त्याच पिशवीत आणखी दोन वस्तू कोंबून तिनं कळंब्याची बस धरली.

माळावर चिटपाखरू नव्हतं. संस्थेच्या बायकांनी देवाचं तोंड घासून मोकळं केलं होतं. पाठ अजून शेंदरी होती. निर्मलानं लाह्या वाहिल्या आणि मोकळ्या दगडाला दोन ओल्या पाकळ्या लावल्या.

"सोमू न्यायला यील का रं कधी?"

दगडानं पाकळ्या जरा वेळ धरून ठेवल्या. मग डावी पडली.

निर्मलाला रडू आलं. रडली ती, पोटभर रडली. मग नाक पुसलं, "बरं," म्हणाली, पदर खोचला, पिशवीतून रॉकेलची बाटली आणि चिंधी काढली आणि देवाची पाठ घासायला बसली.