दाखवायचा माणूस

अंधेरी पश्चिमेला एका बंगल्याच्या तळमजल्यावर 'मोकळीक' नावाचं केंद्र होतं. पाटीवर नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आत्महत्या प्रतिबंध व मनोधैर्य सेवा'. त्याच्याखाली जरा ठळक अक्षरांत वेळ दिली होती, दुपारी चार ते सात, रविवार व बँकेच्या सुट्ट्या सोडून. म्हणजे अंधेरीच्या माणसाला जगण्याचा कंटाळा यायचा असेल तर त्यानं तो बँकेच्या कामकाजाच्या दिवशी, चहाच्या वेळेला येऊ द्यावा, अशी संस्थेची अपेक्षा होती.

केंद्राच्या अध्यक्षा वनमालाताई सुखटणकर. त्यांच्या ओळखीमुळे केंद्राला वर्षाच्या आत टेलिफोन मिळाला होता. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती, आणि ताई ती विसरू देत नसत. फोन एका लाकडी पेटीत ठेवलेला असे. पेटीला कुलूप होतं, कारण स्वयंसेवक घरी फोन करतात असा ताईंचा संशय होता. चावी असायची डॉक्टर नंदकिशोर धुरंधर यांच्याकडे. ते संस्थेचे सल्लागार मानसोपचारतज्ज्ञ. त्यांना यायला उशीर झाला की फोन पेटीत वाजत राही आणि बाहेर तीन स्वयंसेवक हात जोडल्यासारखे त्याच्याकडे बघत बसत.

डॉक्टरांनी स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता. मरण हा शब्द तोंडातून काढायचा नाही. विचारायचंच असेल तर 'आपल्या मनात टोकाचा विचार येतो का?' असं विचारायचं. एकदा एका म्हाताऱ्यांचा फोन आला. स्वयंसेविकेनं हळुवार आवाजात हाच प्रश्न केला. म्हातारे म्हणाले, "टोक? कसलं टोक? मी दहिसरला राहतो." आणि फोन ठेवला. त्यांना खरंच काय सांगायचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. नोंदवहीत मात्र 'संवाद यशस्वी' असं लिहिलं गेलं.

कुंडलिक खिल्लारे या संस्थेत पगारी समाजसेवक होता. हिंगोलीकडचा, वय सत्तावीस, समाजकार्याची पदवी घेतलेला, अंगानं किरकोळ. दर महिन्याला त्याला एक तक्ता भरायचा असे. त्यात एक रकाना होता, 'आत्महत्येपासून परावृत्त केलेल्या व्यक्तींची संख्या'. कुंडलिक त्यात लिहायचा, 'सांगता येत नाही'.

"असं कसं सांगता येत नाही?" ताई भडकायच्या. "मुलुंडच्या केंद्राचे एकतीस आहेत. एका महिन्यात एकतीस!"

"ताई, जे घडलंच नाही ते मोजायचं कसं?"

"मुलुंडवाल्यांना जमतं ना?"

"मुलुंडला एका महिन्यात एवढे लोक मरायला निघत असतील, तर तिथं केंद्र नको, चौकशी बसवायला पाहिजे."

डॉक्टर धुरंधर हसले. ताई हसल्या नाहीत. सत्याऐंशीच्या एप्रिलमध्ये त्यांनी ठरवलं की फोन येत नाहीत तर आपणच वस्तीत गेलं पाहिजे. आपण म्हणजे कुंडलिकनं. "तुम्हाला जमेल," त्या म्हणाल्या. "तुम्हा लोकांना गरिबांशी बोलायची सवय असते." कुंडलिकनं 'तुम्हा लोकांना' हे दोन शब्द ऐकले, गिळले, आणि वर्सोव्याची बस पकडली.

वर्सोव्याच्या मासळी बाजारात तो दोन दिवस पत्रकं वाटत फिरला. पत्रकं कागद म्हणून चांगली होती. कोळणींनी त्यांत कोळंबी बांधून दिली. तिसऱ्या दिवशी सगुणा नावाच्या कोळणीनं त्याला हाक मारली. तिशीची बाई, आवाज खणखणीत.

"ओ सायब, तुमी वेड्यांचं बघता काय?"

"वेड्यांचं नाही. मनाला त्रास असलेल्यांचं."

"तेच ते. माझ्या नवऱ्याला बघा जरा."

तिचा नवरा चंदर. आदल्या वर्षी सप्टेंबरात चंदरची होडी परत येत असताना अचानक वादळ उठलं आणि त्याचा धाकटा भाऊ हरेश्वर पाण्यात फेकला गेला. सुकाणूवर चंदर होता. त्यानं दोनदा होडी वळवली. भाऊ दिसला नाही, नंतर सापडलाही नाही. तेव्हापासून चंदर होडीवर चढला नव्हता. "बोलत नाय, जेवत नाय," सगुणा म्हणाली, "पोरीच्या तोंडाकडं बघत नाय. सुकत घातलेल्या बोंबलांच्या मागं जाऊन बसतो. बसला की बसला."

कुंडलिक त्या बोंबलांच्या मागे जाऊन बसला. बांबूच्या मांडवावर मासे रांगेनं लटकत होते आणि त्यांच्या सावलीत चंदर गुडघे जवळ घेऊन बसला होता. पाच दिवस तो एक शब्द बोलला नाही. वासानं कुंडलिकचं डोकं धरायचं, पण रोज दुपारी तो येऊन बसायचा. सहाव्या दिवशी त्यानं विचारलं, "या बोंबलांची तोंडं एकमेकांत का अडकवलीत?"

चंदरनं मान वळवली. "तुला दुसरं काम नाय काय?"

"हेच काम आहे."

"बसायचं?"

"हो."

"मग माझ्यात नि तुझ्यात काय फरक?"

"मला हजेरी लावावी लागते."

चंदर हसला नाही, पण उठूनही गेला नाही. थोड्या वेळानं त्यानंच सांगितलं की तोंडात तोंड अडकवलं की दोरी लागत नाही, जोडी आपोआप टांगली जाते. त्या दिवसापासून तो थोडं थोडं बोलू लागला. पुढच्या आठवड्यात कुंडलिकनं डॉक्टर धुरंधरांचा नियम मोडला.

"चंदरभाऊ, मरून जावंसं वाटतं काय?"

चंदर वाळूत बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "वाटतं." आणि त्याचे खांदे हलायला लागले. "सात महिने झाले. जो येतो तो विचारतो, जेवलास काय. ह्ये कोणी नाय विचारलं."

"कधीपासून वाटतं? रोज?"

"रोज नाय. पौर्णिमेला भरती मोठी असते ना, तेव्हा घरापर्यंत आवाज येतो. तेव्हा."

कुंडलिकनं त्याला भाषण दिलं नाही. जीवन सुंदर आहे असं सांगितलं नाही. हे सगुणाला सांगू का, एवढंच विचारलं. चंदर म्हणाला, "सांग. पण आयेला नाय. तिचा एक गेलाय." चंदरची आई सोनूबाई शेजारच्याच खोलीत राहत होती.

मग तिघांनी मिळून ठरवलं. मोठ्या भरतीच्या दिवसांत चंदर एकटा राहणार नाही. सगुणा बाजारात गेली की तिची मैत्रीण जानकी ओट्यावर मासे साफ करायला येऊन बसेल. दर मंगळवारी कुंडलिक त्याला सरकारी इस्पितळात नेईल. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे एका पेशंटला द्यायला जेमतेम दहा मिनिटं असत, पण त्या दहा मिनिटांत त्या कागदाकडे नाही, माणसाकडे बघत. त्यांनी सगुणाला सांगितलं, "हा आजार आहे, आळस नाही. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. मध्येच बंद करायच्या नाहीत."

पावसाळा गेला. दिवाळीपर्यंत चंदर जेवू लागला, पोरीची वेणी घालू लागला. वेणी वाकडी यायची. वाईट दिवस यायचे, पण त्या दिवशी तो स्वतःच जानकीला म्हणायचा, "आज बस जरा."

डिसेंबरात हॉलंडहून दोन पाहुणे येणार असं पत्र आलं. त्यांची संस्था 'मोकळीक'ला मदत करायचा विचार करत होती. ताईंनी तातडीची सभा घेतली.

"त्यांना काय दाखवायचं? फोनची पेटी दाखवायची?" त्या म्हणाल्या. "वाचलेला माणूस पाहिजे. कुंडलिक, तुमचा तो वर्सोव्याचा माणूस द्या."

"तो द्यायची वस्तू नाही, ताई. आणि नाव मी सांगणार नाही. त्याला तसा शब्द दिलाय."

"आम्ही काय परके आहोत?"

"त्याला आहात."

डॉक्टर धुरंधरांनी खिडकीबाहेर पाहिलं. गोपनीयतेवर त्यांनीच दोन तास व्याख्यान दिलं होतं. आता त्यांना बाहेरचं बदामाचं झाड फार महत्त्वाचं वाटू लागलं.

ताईंना नाव मिळायला वेळ लागला नाही. त्या गाडीनं वर्सोव्याच्या बाजारात गेल्या आणि पहिल्याच कोळणीला विचारलं, "आमचा कुंडलिक कोणाकडे येतो गं?" त्या बाईनं बिचारीनं हात करून घर दाखवलं. ताईंनी चंदरला सांगितलं की पाहुणे कोळीवाडा बघायला येणार आहेत, दोन शब्द होडीविषयी सांग. पाहुणे आले त्या दिवशी कुंडलिकला मुद्दाम केंद्रावर पाहुण्यांची सरबराई करायला थांबवलं होतं. पाहुण्यांसोबत दुसऱ्या गाडीतून तो वर्सोव्याला उतरला तेव्हा मांडव घातलेला होता, माईक लागला होता आणि चंदरच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

अर्धा कोळीवाडा जमला होता. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. ताईंनी माईक हातात घेतला.

"बंधू-भगिनींनो, हा तरुण मरायला निघाला होता! त्याच्या डोळ्यांपुढे अंधार होता. 'मोकळीक'नं त्याला हात दिला. आज तो तुमच्यासमोर उभा आहे!"

टाळ्या पाहुण्यांनी वाजवल्या. बाकी कोणी वाजवल्या नाहीत. पुढच्याच रांगेत सोनूबाई कोळंबी सोलत बसली होती. तिचे हात थांबले. तिनं मुलाकडे पाहिलं. चंदरनं आईकडे पाहिलं, गळ्यातला हार काढला, खुर्चीवर नीट ठेवला आणि घराकडे चालू लागला.

"हीज व्हेरी इमोशनल," ताई पाहुण्यांना म्हणाल्या.

कुंडलिक मांडवातल्या खुर्च्या ढकलत धावला. सगुणा त्याच्या पुढे होती. दार आतून लावलेलं होतं.

"चंदरभाऊ, मी कुंडलिक. मी नाही सांगितलं. पण चूक माझ्याच माणसांची आहे. दार उघडा."

सगुणानं खांद्यानं दाराला धक्का द्यायची तयारी केली. तेवढ्यात मागून सोनूबाई आली. सत्तरीची म्हातारी, तिनं दोघांनाही हातानं बाजूला सारलं आणि उंबऱ्यासमोर बसली.

"चंदर," ती दाराला म्हणाली. "हरेश्वर गेला तवा मी तुला एक शब्द बोलले काय?"

आतून आलं, "नाय."

"म्हणून तुला वाटलं, मी तुझ्यावर राग धरलाय?"

"हो."

"अरे, माझ्या तोंडातनं शब्द येत नव्हता रे. एक दर्यानं नेला. दुसरा घरात आला त्याला जवळ घ्यायची पण अक्कल राहिली नाय मला." म्हातारी दारावर तळहात आपटू लागली. "उघड. मेल्या, उघड, माझे गुडघे दुखतायत."

दार उघडलं. चंदर खाली बसला आणि आईच्या कोळंबीच्या वासाच्या हातांत त्यानं तोंड लपवलं. कुंडलिक आणि सगुणा ओट्याच्या कडेला बसले. सगुणानं आतून पाणी आणून आधी कुंडलिकलाच दिलं. थोड्या वेळानं त्यानं चंदरला विचारलं, "आत्ता काय वाटतंय? खरं सांगा."

"मरायचं नाय वाटत," चंदर नाक पुसत म्हणाला. "त्या बाईला खाडीत ढकलावंसं वाटतंय."

"ते मला पण वाटतंय," कुंडलिक म्हणाला.

संध्याकाळी केंद्राच्या सभेत त्यानं ताईंना तोंडावर सांगितलं, "आज तो माणूस गेला असता तर तुम्ही त्याचा पण फोटो छापला असता." ताईंचा चेहरा लाल झाला. पण वार्षिक अहवालात त्यांनी त्या दिवसाचीही सोय लावली. 'व्यासपीठावरील कार्यक्रमातून माता-पुत्र संवाद घडवून आणण्यात आला', असं एक वाक्य त्यात होतं, आणि शेजारी हार घातलेल्या चंदरचा फोटो. हॉलंडवाल्यांची मदत मंजूर झाली. त्यातून फोनसाठी सागवानी पेटी आली. समर्पणवृत्तीचा अभाव असल्यामुळे कुंडलिक खिल्लारे यांची सेवा समाप्त करण्यात येत आहे, असं पत्रही त्याच आठवड्यात निघालं. डॉक्टर धुरंधरांनी दाराबाहेरच्या पायऱ्यांवर त्याचा हात हातात घेऊन सांगितलं की मनानं मी तुमच्या बाजूनं होतो. कुंडलिक म्हणाला, "मनानं बरेच जण असतात, डॉक्टर."

त्याला मंगळवारच्या इस्पितळातच हंगामी नोकरी लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच शब्द टाकला. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर माणसं वाढली, तेवढी त्याची कामंही वाढली. वर्सोव्याला जायचं त्यानं सोडलं नाही, पण आता ते हजेरीत धरलं जात नव्हतं.

फेब्रुवारीत चंदरनं काम धरलं. मासेमारीचं नाही. खाडीपलीकडे मढला माणसं नेणाऱ्या तरीवर.

"पाण्यावर जाणार?" कुंडलिकनं विचारलं.

"दर्या नाय तो, खाडी हाय. ह्या काठावरनं त्या काठाची म्हातारी दिसते. तिथपर्यंत जमेल." मग म्हणाला, "नाय जमलं तर सांगीन."

पहिल्या दिवशी सगुणानं धक्क्यावर टोपली मांडली आणि खाडीकडे पाठ करून बसली. सोनूबाई मात्र तरीवरच चढून बसली आणि उतरायला तयार होईना. कुंडलिक तिच्या शेजारी बसला. तो जन्मात पहिल्यांदा पाण्यावरून जात होता. मध्यावर पोचेपर्यंत त्याला मळमळायला लागलं. त्यानं डोळे मिटले, कठडा घट्ट धरला आणि सरळ बाहेर वाकून ओकला.

"आये, धर त्याला!" चंदर मागून ओरडला, आणि हसायला लागला, मोठ्यानं, इतका की तरीवरची माणसं वळून बघू लागली. म्हातारीनं कुंडलिकची पाठ चोळली आणि मढचा धक्का येईपर्यंत त्याच्या सदऱ्याचं टोक हातातून सोडलं नाही.