पुढचं पान

केरबाचा पाय मोडला आणि त्याला कोल्हापूरला लेकीकडं न्यावं लागलं, तेव्हा मधमाश्यांची पेटी तानूबाईच्या गळ्यात पडली. लेक संघप्रिया दवाखान्यात नर्स होती. प्लास्टर निघेपर्यंत ती बापाला राधानगरीच्या चढउतारावर पाठवणार नव्हती. जाताना केरबा बायकोला एवढंच म्हणाला, "मुंग्या चढू देऊ नकोस. बाकी समदं पुस्तकात हाय."

पुस्तक फळीवर होतं. पेटीबरोबरच मिळालेलं, मधमाश्या कशा पाळाव्यात ते सांगणारं. इतकी वर्षं ते केरबानं एकट्यानंच वाचलं होतं. तानूबाई आदल्या साली विहारात साक्षरतेच्या वर्गाला जात होती. काना, मात्रा, वेलांटी झाली. जोडाक्षरं सुरू व्हायच्या आत भात कापणीला आलं आणि वर्ग मोडला.

घरामागच्या परड्यातला शेवगा फुलला आणि माश्यांचं वागणं बदललं. कामाला जायचं सोडून त्या पेटीच्या दाराशी झुबक्यानं लोंबू लागल्या. तानूबाईनं धूर करून झाकण काढलं, तर पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेगत काहीतरी लटकत होतं. तिला ते बरं वाटलं नाही.

तिनं पुस्तक घेऊन धाकटा दीर बाळासो याला गाठलं. तो माश्यांना भीत होता. रस्त्यावर उभा राहूनच त्यानं चार पानं उलटली.

"लई बारीक छापलंय, वैनी. पेटीच कुणाला तरी देऊन टाका की."

"भावजी, वाचा म्हटलं तर देऊन टाका म्हणताय."

पुस्तक काढून घेऊन ती घरी आली. चित्रं बघत बघत तिला ती शेंग सापडली. खाली बोट ठेवून तिनं अक्षरं जुळवली. राणीघर. त्याच्या खालचा मजकूर मात्र वाचता येईना. जोडाक्षर आलं की बोट अडायचं, मग ते ओलांडून ती पुढं जायची. शेवटी हाताला लागलं ते एवढं: नवी राणी येते, जुनी राणी निघून जाते. जाताना बरोबर काय घेऊन जाते, तो शब्द काही केल्या सुटेना. घर बांधलं एकीनं आणि राहायचं दुसरीनं, ही कुठली रीत, असं म्हणून ती उगाचच चिडली. कामात तिचं लक्ष लागेना. दळण डोक्यावर घेऊन गिरणीपर्यंत गेली आणि पेटीची आठवण होऊन तशीच माघारी आली.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या सुमाराला मोहोळ उठलं. निम्म्या माश्या पेटीतून भडाभडा बाहेर पडल्या, परड्यावर गरगरल्या आणि शेवग्याच्या फांदीला घोस करून बसल्या. तानूबाईनं पुस्तक उघडून घोसाचं चित्र शोधलं. टोपली उपडी करून वर धरा, माशा अंधाराकडे चढतात. एवढं तिला लागलं. ती भाकरीची टोपली घेऊन शिडीवर चढली.

"वैनी, चावतील की," बाळासो लांबनं ओरडला.

"चावू द्या. तुमी शिडी धरायला येताय का?"

तो आला नाही. हात भरून येईस्तोवर ती टोपली धरून उभी राहिली. माश्या हळूहळू वर चढल्या. अडगळीतली रिकामी पेटी काढून तिनं त्यांना आत सोडलं आणि पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग एकदा शेतातनं आली तर नवी पेटी मोकळी. ना घोंगावणं, ना एक माशी. तिनं धडपडत पुस्तक काढलं आणि पुढचं पान उघडलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: दाराला जाळी लावावी, नाहीतर राणी परत निघून जाईल. जाळी अडगळीत खिळ्याला अडकवलेली होती. ती इतके दिवस तिला मोडक्या गाळणीचा तुकडा वाटत होती. धरणाच्या अंगाच्या रानात ती तिन्हीसांजेपर्यंत झाडंन् झाड बघत फिरली. मोहोळ काही दिसलं नाही.

केरबा कुबडी घेऊन एसटीतनं उतरला, तेव्हा घरात शिरायच्या आधीच तिनं सगळं सांगून टाकलं.

"पुढचं पान वाचायला काय झाल्तं?" तो म्हणाला.

"बाकी समदं पुस्तकात हाय म्हणून गेलासा. वाचाय येतंय का, ते इचारलं न्हाईसा."

केरबा कुबडी टेकत परड्यात गेला. जुन्या पेटीशी जाऊन त्यानं झाकण उचललं, एक पोळं उजेडाला धरलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"नवी राणी अंडी घालतीया," तो म्हणाला. "ह्यो संसार ऱ्हायला."

"आणि तो?"

"तो गेला. जंगलात ऱ्हाईल कुठंतरी."

तानूबाईला ते पटलं, पण मनापर्यंत पोहोचलं नाही. नंतरही दुपारचं घोंगावणं जरा वाढलं की ती हातातलं टाकून परड्यात यायची आणि पेटीपुढं उभी राहायची. "अगं, न्हाईत जात," केरबा आतनं सांगायचा. ती ऐकायची, आणि तरी तिथंच थांबायची.