एकतीस सुखरूप

पत्रात लिहिलं होतं, 'बाळंतपणाची खोली येत्या एक तारखेपासून बंद करण्यात येत असून संबंधितांनी सहकार्य करावे.' मोठ्या बाईंनी पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं या दवाखान्यात नर्स म्हणून राबल्या होत्या त्या. छत गळलं तेव्हा बादल्या लावल्या, पाणी गेलं तेव्हा विहिरीवरून आणवलं, डॉक्टर रजेवर गेला तेव्हा त्याच्याही वाटचं काम ओढलं. आणखी काय सहकार्य करायचं असतं माणसाने? दाराला लावायचं कुलूपही पदरमोड करून आणायचं की काय?

आणि कारण तर ऐकण्यासारखं होतं. वर्षाला एकशेवीस बाळंतपणं झाली तरच खोली चालवणं परवडतं, असा नियम राजधानीत कुणीतरी पंख्याखाली बसून काढला होता. इथे गेल्या वर्षी झाली एकशेसात. तेरा कमी. जणू काही तेरा बायकांनी आळस केला.

पत्र आलं त्याच दिवशी दवाखान्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरची बायको तपासणीला आली. सातवा महिना लागला होता. टेबलावर आडवी झाली, पोटावर बाईंचा हात पडला तेव्हा म्हणाली, "मावशी, खोली बंद होणार म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"दवाखान्यातला कारकून सगळ्यांना सांगतोय."

"त्याच्या जिभेला हाड नाही. तू तिकडे लक्ष देऊ नकोस. तुझं बाळंतपण इथेच होणार, या टेबलावर, माझ्या हाताने. शब्द दिलाय ना मी तुला?"

दिला होता खरा. दोन वर्षांपूर्वी या पोरीला पहिल्या खेपेला कळा आल्या तेव्हा हीच खोली आठ दिवस बंद होती. अवजारं उकळायचं यंत्र बिघडलेलं, आणि ते दुरुस्त करणारा माणूस शहरातून येणार होता तो येतच होता. म्हणून भर दुपारी तिला गाडीत घातली. चालवायला तिचाच नवरा, मागे बाई. घाटात एक ट्रक आडवा पडला होता. मूल तिथेच आलं, गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे घेऊन. बाईंनी वीस मिनिटं जिवाचं रान केलं. मूल रडलं नाही.

त्यानंतर ती पोर वर्षभर दवाखान्याच्या रस्त्यानेसुद्धा गेली नाही. आता पुन्हा दिवस गेले तेव्हा बाई स्वतः तिच्या घरी जाऊन शब्द देऊन आल्या होत्या. आणि आता हे पत्र.

बाईंनी डोकं चालवलं. एकशेसात हा आकडाच मुळात खोटा होता. अवघड केस दिसली की त्या शहाणपणाने वेळेत शहराकडे पाठवायच्या, आणि त्यातल्या कितीतरी बायका शहर गाठायच्या आधीच गाडीत मोकळ्या व्हायच्या. नाळ कापायच्या मोठ्या बाई, घामाघूम व्हायच्या मोठ्या बाई, आणि शहरातला कारकून जन्माच्या दाखल्यावर ठिकाण लिहायचा शहराचं मोठं रुग्णालय. कारण दाखला तिथे निघतो. म्हणजे पोर आमचं, कष्ट आमचे, आणि आकडा त्यांच्या खात्यात.

दुपारी काम संपल्यावर त्या कागद-पेन घेऊन ड्रायव्हरसमोर बसल्या. तो मनुष्य गप्पिष्ट. कुणाला गाडीत चढवताना हटकून म्हणायचा, "जाताना एक, उतरताना दोन, तिकीट मात्र एकाचंच." त्याला प्रत्येक वळण आठवत होतं. सुताराची सून, पुलाच्या अलीकडे. शाळेतल्या शिपायाची बहीण, टोलनाक्यावर, तेव्हा नाक्यावरच्या माणसाने गाडी थांबवून पावती मागितली होती. जुळी झाली ती पेट्रोल पंपाजवळ.

"जुळी म्हणजे बाळंतपण एक का दोन?" त्याने विचारलं.

"एकच. नियमात राहून मोजायचं."

एका वर्षातली एकतीस निघाली. एकशेसात आणि एकतीस, एकशेअडतीस. बाईंच्या जिवात जीव आला. त्याच्या आधीच्या वर्षाचीही मोजू म्हणाला तो, साहेबांना अजून पटेल. बाई म्हणाल्या, नको, एवढी पुरेत. आधीच्या वर्षात काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. पान उलटल्यासारखा दोघांनी तो विषय टाळला.

बाईंना वाटलं होतं की त्याच्या जखमेवरची खपली कशाला काढा. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. एकतीसच्या एकतीस सुखरूप, आई आणि मूल दोन्ही, हे त्यांना चारचौघांत ताठ मानेने वाचायचं होतं. त्यात एक न रडलेलं मूल कुठे बसवायचं?

लोकांचं म्हणणं ऐकायला खात्याचे साहेब वीस तारखेला आले. दवाखान्याच्या पडवीत बाकं मांडली, पन्नास-साठ माणसं जमली. पहिल्या रांगेत ड्रायव्हरची बायको, पाठीला उशी घेऊन. ड्रायव्हर मागे खांबाला टेकून उभा. साहेब तरुण होते, सभ्य होते, सगळ्यांना 'आपण' म्हणत होते. एका म्हातारीने पाणी आणून दिलं तर उठून उभे राहून घेतलं. त्यांच्यावर ओरडायलाही तोंड उघडेना, आणि बाईंना त्याचाच जास्त संताप आला.

बाई उभ्या राहिल्या आणि यादी वाचली. एकेक नाव, एकेक ठिकाण. ज्या बायका हजर होत्या त्या कडेवरच्या पोराला वर उचलून दाखवत होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, "ही एकतीस आमची आहेत. शहराच्या कागदावर गेली म्हणून ती शहराची होत नाहीत. आणि एकतीसच्या एकतीस सुखरूप आहेत, साहेब. आईला नाही, लेकराला नाही, कुणाला ओरखडाही नाही."

पडवी टाळ्यांनी भरून गेली. साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. मग ते उठले.

"सिस्टर, तुमचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे," ते म्हणाले. "खरं तर मला जे सांगायचं होतं ते तुम्हीच सांगितलंत. एकतीस बाळंतपणं गाडीत, आणि सगळी सुखरूप. याचा अर्थ काय? चांगली गाडी आणि अनुभवी नर्स असेल तर खोलीवाचून अडत नाही. म्हणून मी इथेच जाहीर करतो, या दवाखान्याला नवी गाडी मिळेल. आत दिवे, ऑक्सिजन, सगळी सोय. आणि तिच्यावर नेमणूक सिस्टरांचीच."

पुन्हा टाळ्या झाल्या. नवी गाडी म्हटल्यावर लोक हुरळले. मागच्या बाकावरचा एकजण तर रंग कुठला असेल म्हणून विचारू लागला.

बाई उभ्याच राहिल्या. आपणच आपल्या हाताने धोंडा पायावर पाडून घेतला हे त्यांना कळलं होतं. छत गळलं तर बादल्या लावल्या, म्हणून छत झालं नाही. विहिरीचं पाणी आणवलं, म्हणून नळ आला नाही. सव्वीस वर्षं निभावून नेलं आणि निभतंय असंच वरती कळवत राहिलो. साहेबाला काय शिव्या द्यायच्या? अक्कल आपणच गहाण ठेवली होती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "अजून एक आहे."

त्यांनी मागे खांबाकडे पाहिलं. ड्रायव्हरने मान हलवली नाही, पण नजरही काढली नाही. मग बाईंनी समोरच्या उशीकडे पाहिलं.

"सांगा, मावशी," पोर म्हणाली.

बाईंनी सांगितलं. खोली बंद होती ते, यंत्र, ट्रक, नाळेचे वेढे, वीस मिनिटं. गाडीत मुलाच्या घशातलं पाणी ओढायची नळी होती, ऑक्सिजन होता, दिवाही होता, तेही सांगितलं. नव्हते ते दुसरे हात. "या दोन हातांनी आईचं रक्त थांबवायचं की मुलाचा श्वास आणायचा? मी आई निवडली. खोलीत आम्ही तिघी असतो. तिथे निवडावं लागत नाही. हे मी यादीत लिहिलं नाही, कारण मला लाज वाटली. ही माझी चूक."

साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं. मग त्यांनी फाइल उघडली, कारण वाईट वाटल्यावर काय करायचं ते त्यांना शिकवलं नव्हतं.

"अतिशय दुःखद आहे," ते म्हणाले. "पण सिस्टर, एकंदरीत बघायचं झालं तर बत्तिसात एक. म्हणजे साधारण तीन टक्के. सुसज्ज गाडीत ते अजून खाली येईल."

ड्रायव्हरची बायको उशी बाजूला सारून उठली. एका हाताने बाकाची पाठ धरून.

"साहेब, माझी अडीच महिन्यांनी वेळ आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मी कुणात? एकतीस जणींत की त्या तीन टक्क्यांत? ते आधी कळलं तर बरं पडेल."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने वहीकडे.

"तसं नसतं ते, ताई. शेवटचा महिनाभर तुम्ही शहरात एखाद्या नातेवाइकाकडे जाऊन राहिलात तर..."

"शहरात माझं कुणी नाही."

"काहीतरी मार्ग निघेल. तुमचं म्हणणं मी नक्की वर पोचवतो." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि फाइल मिटली. "आता मला निघायला हवं. ऊन आहे तोवर घाट उतरलेला बरा. माझा ड्रायव्हर या रस्त्याला नवा आहे."

बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. कान लाल झाले.

"का हो, साहेब?" बाई म्हणाल्या. "रस्त्याला काय झालंय? तुम्ही तर धडधाकट आहात. कळा नाहीत, रक्त जात नाही. बसायला गादी आहे. आणि तुम्हाला जीव मुठीत धरून जावं लागतं?"

साहेबांनी हात जोडले आणि पायऱ्या उतरले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, धूळ उडाली. नव्या गाडीचा रंग विचारणारा माणूस खाली मान घालून बसला होता.

बैठकीची नोंद लिहायचं काम दवाखान्याच्या कारकुनाचं होतं. त्याने लिहिलं होतं, 'एकतीस बाळंतपणे सुखरूप झाल्याचे सिस्टरांनी सांगितले. नव्या गाडीच्या घोषणेचे स्वागत झाले.' बाईंनी वही ओढून वाचली आणि परत त्याच्यापुढे आपटली.

"पुढे लिही. बत्तिसावं मूल गाडीत दगावलं. खोली उघडी असती तर ते वाचलं असतं, असं सिस्टर म्हणाल्या. उजेड असेपर्यंत घाट उतरावा, असं साहेब म्हणाले. आणि खाली लिही, एक तारखेनंतरही सिस्टर खोली उघडी ठेवणार आहेत आणि कळा आलेली बाई दारातून परत पाठवणार नाहीत."

कारकुनाने पेन वर धरलं. "बाई, हे शेवटचं मी लिहिलं तर तुमची नोकरी जाईल. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. उगाच पायरी सोडू नका."

"सव्वीस वर्षं पायरीवरच उभी होते. लिही. आणि नीट अक्षरात लिही, वरच्यांना वाचता आलं पाहिजे."

त्याने लिहिलं. बाईंनी खाली सही केली. पोरीने केली, मग बाकावरची माणसं एकेक करून उठली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठे उठवले. सगळ्यात शेवटी ड्रायव्हर खांब सोडून पुढे आला. बोलका माणूस, पण दुपारभर चकार शब्द काढला नव्हता त्याने. वही हातात घेऊन त्याने सावकाश सगळं वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे नुसतं मूल लिहिलंय," तो कारकुनाला म्हणाला. "मुलगी होती. तेवढं घाल."