तिसऱ्या गल्लीतले किरायेदार

सोनागिरीच्या तिसऱ्या गल्लीत सव्वीस घरं. संपदा राजवाडे बारा वर्षांपूर्वी तिथं भाड्यानं आली, तेव्हा बहुतेक घरांत मालकच राहत होते. कारखान्यातून निवृत्त होऊन पिपलानीतलं कारखान्याचं क्वार्टर सोडलेली, पोटाला चिमटा काढून घर बांधलेली माणसं. मग त्यांची मुलं बंगळूरला, पुण्याला गेली आणि मागोमाग आईवडीलही. आता गल्लीत सातच मालक उरले. बाकी सगळे किरायेदार, पण रहिवासी समिती अजून मालकांचीच होती.

या समितीनं गल्लीची बाग शेजारच्या मंगल कार्यालयाला गाड्या उभ्या करायला द्यायचं ठरवलं. तसा ठराव करायला रविवारी सकाळी बागेतच सभा भरली. मालक पाच आले होते. संपदा आली, आणि तिच्यामागून सगळे किरायेदार आले नि गवतावर बसले.

अध्यक्ष होते यशवंतराव दिघे, जुने फोरमन. संपदाला ते मुलीसारखं मानायचे, तरी म्हणाले, "बस, बेटा, ऐक. पण बोलायचं नाही. नियमावलीत तसंच आहे."

"नियमावली मी वाचलीय, काका. निम्मे सभासद हजर नसतील तर ठराव होत नाही. तुम्ही पाचच आहात."

"अगं, लोक बाहेरगावी आहेत, त्याला आम्ही काय करणार?"

"जे बाहेरगावी आहेत त्यांना बाग नकोच आहे. जे इथं राहतात त्यांना विचारा ना!"

सेक्रेटरी सदाशिव पाठक तडकले. "तुम्ही आज आहात, उद्या नाही. किरायेदाराला गल्लीचं काय पडलंय?"

"बारा वर्षं झाली मला, पाठकजी. तुम्हाला इथं येऊन आठ झाली."

कुणीतरी फिसकन हसलं. यशवंतरावांच्या पत्नी, लीलावतीकाकू, मागे बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आपला अनिकेत पुण्यात भाड्यानंच राहतो की. त्याला कुणी असं गप्प बसवलं तर?" यशवंतरावांनी चष्मा काढून पुसला आणि सभा तहकूब केली.

तिसऱ्या दिवशी संपदाच्या घरमालकाचा हैदराबादहून फोन आला; पाठकांनी सगळं त्यांच्या कानावर घातलं होतं. "दो महीने में घर खाली कर दीजिए, मैडम. लफडा नहीं चाहिए."

"फिटली हौस?" सत्यजित म्हणाला. तिचा नवरा कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचा आणि त्याला भांडण अजिबात सोसायचं नाही. "जा, पाठकांची माफी माग."

"माफी? कशाबद्दल? घर सोडीन, पण गल्ली नाही सोडणार."

तिनं फोन हातात घेतला. नियमावलीत आणखी एक ओळ होती: गैरहजर मालक पत्र देऊन आपलं मत दुसऱ्याला देऊ शकतो. एकेका किरायेदाराकडून तिनं मालकांचे नंबर घेतले. नागपूरचे, इंदूरचे, एक तर थेट दुबईचे. बहुतेकांना सुटल्यासारखंच झालं. "द्या हो आमचं मत आमच्या भाडेकरूला, आम्ही कुठं येणार?" बारा पत्रं आली. नागपूरचे मालक वर म्हणाले, "तुम्हाला घर हवंय? एकोणीस नंबरचा आमचा वरचा मजला रिकामाच आहे."

सामान हलवायला टेम्पोही लागला नाही. सगळ्या गल्लीनं हातोहात पोचवलं. फ्रिजच्या एका बाजूला मंडीदीपच्या कारखान्यातला फिटर होता, दुसऱ्या बाजूला स्वतः यशवंतराव, धापा टाकत. "माझं मत बदललेलं नाही बरं का," ते म्हणाले. "नीट धर, जिना अरुंद आहे."

पुढच्या सभेत बागेचा ठराव पडला. त्याच सभेत नियम झाला: जो वर्षभर गल्लीत राहिला, तो समितीचा सभासद. पाठकांनी विरोधात हात वर केला. यशवंतरावांनी केलाच नाही.

त्या संध्याकाळी ग्वाल्हेरहून आईचा फोन आला. "घर बदललंस म्हणे. अगं, स्वतःचं कधी घेणार?"

"घेऊ, नाहीतर नाही घेणार," संपदा म्हणाली. "आई, मी नंतर करते. गल्लीच्या बोअरची मोटर बिघडलीय, आणि या महिन्यात तिची देखभाल माझ्याकडे आहे."